आमच्या दारची चांदणी

दिवाळीचा आकाशकंदील केव्हा लावावा याविषयी पंचांगकर्त्यांनी आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी पुरेशी स्पष्टता राखली आहे. परंतु तो उतरवावा केव्हा, या प्रश्नावर या सर्वांनी जे मौन पाळले आहे, त्याचा लाभ घेण्यात आमच्या घराण्याने पिढ्यानुपिढ्या कसूर केलेली नाही. भाऊबीज सरली की आमच्या सौभाग्यवती विचारतात, "उतरवायचा ना कंदील?" आणि मी म्हणतो, "तुळशीचं लग्न होऊ दे." तुळशीचे लग्न यथासांग पार पडते; मग त्रिपुरी पौर्णिमेला दिवे लावायचेच असतात, तेव्हा लागलेला दिवा काढण्यात हशील काय, असा युक्तिवाद पुढे येतो; आणि त्रिपुरी पौर्णिमाही टळली म्हणजे शिडी शेजारच्या गार्डसाहेबांकडे आहे व परक्याची वस्तू वारंवार मागणे शिष्टाचारास धरून नाही, हे कारण शिल्लक असतेच. पुण्यास किंवा नागपुरास हे औदासीन्य खपून गेले असते. तेथे डिसेंबरात लोंबणारा, रंग उडालेला कंदील पाहून लोक फार तर घरमालक आळशी आहे एवढाच निष्कर्ष काढतात. मंचेरियलला मात्र त्याचा अर्थ फार निराळा होतो.

मंचेरियल हे गोदावरीच्या उत्तर तीरावरचे, काजीपेठ-बल्लारशा लोहमार्गावरचे आणि कोळशाच्या खाणींच्या शेजारचे गाव. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ पासून ते स्वतःच जिल्हा झाले आहे. निजामी अमदानीत माझे आजोबा लक्षेट्टीपेठच्या तहसील कचेरीत पेशकार होते. १९५६ साली भाषावार प्रांतरचना होऊन आदिलाबादपैकी राजुरा आणि किनवट हे तालुके मुंबई राज्यास जोडले गेले, तेव्हा त्यांच्या मागोमाग आजोबांनीही बिऱ्हाड हलवावे असे घरात ठरले होते. परंतु निवृत्तिवेतनाचा कागद कोणत्या सरकारच्या दफ्तरात अडकला आहे याचा उलगडा होईपर्यंत थांबावे असेही ठरले, आणि तो उलगडा होण्यापूर्वीच आम्ही येथलेच होऊन गेलो. मराठी आमच्या घरात राहिली, आणि दिवाळीत चंद्रपूरहून आणलेला आकाशकंदील दारावर राहिला.

आता, तेलुगू घरांतून दिवाळीस पणत्या लागतात, फटाके उडतात, लक्ष्मीपूजन होते. परंतु बांबूच्या कामट्यांवर रंगीत कागद चिकटवून केलेली पाच टोकांची चांदणी दाराशी टांगण्याचा प्रघात नाही. ती टांगलेली दिसली की घर ख्रिस्ती आणि महिना डिसेंबर, हे समीकरण येथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असते. आमच्या गल्लीत रेल्वेतले आणि खाणीतले निवृत्त लोक राहतात, आणि त्यांत ख्रिस्ती घरे पुष्कळ. शिवाय सिरो-मलबार पंथाच्या आदिलाबाद धर्मप्रांताचे ठाणे आमच्याच गावी आहे. हा धर्मप्रांत चांदा धर्मप्रांतातून फोडून काढला गेला तो १९९९ साली. राज्यकर्त्यांनी चांदा एकीकडे आणि मंचेरियल दुसरीकडे टाकले खरे. पण देवाच्या दफ्तरात ही दोन्ही गावे त्या सालापर्यंत एकाच सदरात नोंदलेली होती, हे पाहून पेशकाराच्या नातवास एक प्रकारचे खानदानी समाधान वाटल्यावाचून राहत नाही.

येथला नाताळ २५ डिसेंबरला असतो असे जर कोणी परगावचा माणूस समजत असेल, तर त्याने तो समज वेशीबाहेर ठेवून यावे. २५ तारखेला जो तो आपापल्या घरी आणि आपापल्या देवळात असणार. मग कचेरीतल्या, शाळेतल्या आणि बँकेतल्या सहकाऱ्यांबरोबर केक कापायचा केव्हा, या अडचणीतून तेलुगू मुलुखाने 'सेमी ख्रिसमस' नावाचा एक स्वतंत्र सण निर्माण केला आहे. संपूर्ण सण एक दिवसाचा. निम्मा सण तीन आठवड्यांचा. सेमी ख्रिसमसला व्यासपीठ असते, शाली असतात, मान्यवर असतात, मान्यवरांची वाट पाहणे असते आणि वाट पाहून पाहून क्रीम पाझरू लागलेला केकही असतो. गणेशोत्सवातल्या सत्कारसमारंभांवर पोसलेल्या मराठी माणसास हे सर्व इतके घरगुती वाटते, की मी निमंत्रणपत्रिकेची वाट न पाहताही जातो. मुख्य सणाच्या दुसऱ्या दिवशी, २६ तारखेलाही तेलंगण सरकार सार्वजनिक सुटी देते. तीन आठवडे केक खाल्ल्यावर एक दिवस विश्रांती हवी, हे ज्या अंमलदाराच्या ध्यानात आले असेल त्याच्या दूरदृष्टीस माझा मुजरा आहे.

तर डिसेंबरातल्या एका रात्री, थंडी अंगात शिरू नये म्हणून डोईस कानटोपी, गळ्यास मफलर आणि अंगावर सौभाग्यवतींची शाल अशा वेषात मी निद्रेची आराधना करीत असता, फाटकाशी गिटार, ढोलक आणि पंधरा-वीस कंठ एकाच वेळी प्रकट झाले. कॅरोल म्हणणारी मंडळी रात्री घरोघर फिरतात हे मला ठाऊक होते. ती गार्डसाहेबांकडे जाताना आमचे फाटक ओलांडूनच जातात. या खेपेस त्यांनी ते ओलांडले नाही. आमच्या कंदिलातला दिवा, तो मालवण्याचा खटका कपाटामागे गेल्याने, रोज आपोआप रात्रभर जळत असे. लाल झग्यातला आणि कापसाच्या दाढीतला 'ख्रिसमस तात' कंदिलाखाली येऊन नाचू लागला. त्यांच्या म्होरक्याने माझा हात हाती घेतला आणि म्हणाला, "सारू, नक्षत्रम् चाला बागुंदि!"

चांदणी फार सुंदर आहे, असे कोणी रात्री अकरा वाजता थंडीत उभे राहून म्हणत असताना, ती मुळात दिवाळीची असून केवळ शिडीच्या अभावी तेथे राहिली आहे, असे स्पष्टीकरण देण्यास जे धैर्य लागते ते परमेश्वराने मला दिलेले नाही. मी हसलो. माझे हसणे हा कबुलीजबाब समजला गेला. मग गाणी झाली, गाण्यांनंतर घरातल्या सर्वांसाठी प्रार्थना करावयाची म्हणून त्यांनी विचारले, "कोणाला काही दुखणं?" मी नाही म्हणणार तोच आतून आवाज आला, "यांचा डावा गुडघा!" अशा रीतीने माझ्या डाव्या गुडघ्यासाठी पंधरा-वीस लोकांनी डोळे मिटून प्रार्थना केली. सौभाग्यवतींनी चिवडा आणला, तो सर्वांनी आवडीने खाल्ला. मी कानुकेचे, म्हणजे अर्पणाचे, पैसे दिले. आणि शेवटी, ज्या एका गोष्टीने या सर्व प्रकरणास कायदेशीर स्वरूप आले ती गोष्ट घडली. म्होरक्याने एक जाड वही काढून तीत माझे नाव, घर क्रमांक आणि रक्कम लिहून घेतली. पेशकाराच्या घरात वाढलेल्या माणसास हे सांगावे लागत नाही, की माणूस मरतो, घर पडते, राज्य बदलते. वहीत चढलेले नाव मात्र उतरत नाही.

"आता तरी उतरवणार का कंदील?" दुसऱ्या दिवशी पृच्छा झाली.

"आता? आता उतरवला तर त्यांना काय वाटेल? गुडघ्यासाठी प्रार्थना करून गेलेत ते!"

गुडघा खरोखर दोन दिवस बरा होता, हे मी कोणास बोललो नाही.

वार्तेला मात्र गुडघ्याचे दुखणे नसते. कॅरोलवाल्यांपैकी कोणी तरी काढलेले माझे कंदिलाखालचे, कानटोपीतले, मिटल्या डोळ्यांचे छायाचित्र मोबाइलमार्गे गल्लीत, गल्लीतून हैदराबादेस आमच्या चिरंजीवांकडे आणि तेथून चंद्रपूरच्या भाऊबंदांत पोचले. चंद्रपूरच्या चुलतभावाचा फोन आला. त्याने हवापाण्याची चौकशी केली, कापसाचे भाव सांगितले, एका पुतण्याच्या सोयरिकीची हकीकत ऐकवली, आणि मग स्वर खाली आणून विचारले, "दादा, नाव काय ठेवलंय?"

"कोणाचं?"

"तुमचं. नवीन."

मी त्यास सर्व वृत्तांत सांगितला. तो लक्षपूर्वक ऐकून म्हणाला, "असू दे, असू दे. ज्याची त्याची श्रद्धा. आम्ही काही मनात आणणार नाही. फक्त काकूला एवढ्यात कळू देऊ नका, तिचं बीपी आहे."

आता एकदा गल्लीने आपल्याला पंक्तीस बसवले म्हटल्यावर पंक्तीची शोभा राखणे ओघाने आलेच. गार्डसाहेबांनी दारातूनच अभिप्राय दिला, "सारू, तुमची चांदणी चांगली आहे, पण एकटी दिसते." गार्डसाहेबांनी आयुष्यभर मालगाड्यांच्या शेपटीच्या डब्यात बसून घड्याळाकडे पाहिले आहे, त्यांची स्वतःची चांदणी सायंकाळी सहा वाजून दोन मिनिटांनी लागते आणि लागली की ते घड्याळ पाहून मान हलवतात. ती चांगली तीन हात रुंद आहे, तिला शेपूट आहे, आणि शेपटीतून प्रकाश वाहत गेल्याचा भास होतो. तिच्याखाली अंगणात गवताची 'पशुवुल पाक', म्हणजे बाळ येशूचा गोठा, मांडलेला असतो. त्यात मातीची मेंढरे उंटांपेक्षा मोठी आहेत, कारण मेंढरे पेद्दपल्लीच्या बाजारातली आणि उंट चर्चच्या दुकानातले. यंदा नातवंडांनी त्यात एक प्लास्टिकचा वाघही बसवला होता. बेथलेहेमात वाघ कसा, असे मी विचारताच गार्डसाहेब किंचित विचार करून म्हणाले, "कवालचं जंगल इथून किती लांब आहे, सारू? येऊ शकतो." कवालचे व्याघ्र-अभयारण्य जन्नारमच्या बाजूस, आमच्याच जिल्ह्यात आहे, तेव्हा भौगोलिकदृष्ट्या मला या उत्तरात खोट काढता आली नाही.

चांदणीचे एकटेपण घालवण्यासाठी मी बाजारातून दिव्यांची माळ आणली. इकडे तिला 'सीरियल सेट' म्हणतात. मी दुकानदारास विचारले, "गॅरंटी किती?" तो म्हणाला, "सारू, इथे लावून दाखवतो ना, ही गॅरंटी." त्याने लावून दाखवली, माळ झळाळली, त्याने ती उतरवून पेटीत घातली, आणि त्या क्षणी तिच्या ठायी असलेले सर्व सौजन्य संपुष्टात आले. घरी पेटी उघडली तेव्हा जी माळ दुकानात सरळ, सुबक आणि एकपदरी होती, तिने स्वतःभोवती अशा गाठी मारल्या होत्या की ज्या मारण्यास माणसास किमान दोन हात आणि एक वैर लागते.

१८८२ सालच्या डिसेंबरात न्यूयॉर्क शहरी एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या घरच्या नाताळवृक्षावर तांबडे, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे लावले, आणि ते झाड विजेच्याच बळावर फिरते ठेवले. विजेच्या नाताळ-रोषणाईचा आरंभ बहुधा येथून धरतात. हे दिवे त्याने हाताने जोडवून घेतले होते हेही सांगतात. पुढल्या डिसेंबरात ते पेटीतून बाहेर काढताना त्याच्या मुखातून कोणते शब्द निघाले, हे मात्र कोणाही चरित्रकाराने नोंदलेले नाही.

गुंता सोडवावयास मी ओसरीवर बसलो, आणि मला असे आढळून आले की कचेरीच्या कामास, लग्नकार्यास किंवा अंत्ययात्रेस जमणार नाही एवढे मनुष्यबळ एक गुंतलेली माळ केवळ आपल्या अस्तित्वाने गोळा करू शकते. एक म्हणे, पिनेकडून सुरू करा. दुसरा म्हणे, टोकाकडून. तिसरा, जो खाणीत फिटर होता, त्याने चार पिढ्यांच्या अनुभवाचा आव आणून सांगितले की गुंता कधी सोडवू नये, तो झटकावा. आणि माझे उत्तर येण्यापूर्वीच त्याने तो झटकला. त्यानंतर गुंता दुप्पट झाला एवढेच नव्हे, तर त्यात फिटरसाहेबांचा चष्मा आणि माझी जपमाळही समाविष्ट झाली. सौभाग्यवतींनी सर्वांस चहा दिला. दुसऱ्या चहाच्या वेळी गुंता आपण होऊन सुटला, तो कोणाच्या पद्धतीने सुटला यावर तिसरा चहा झाला.

मग माळ लावली, आणि अर्थातच ती लागली नाही. या माळांत दिवे एकामागून एक असे गुंफलेले असतात. २३० व्होल्टचा दाब त्या सर्वांत वाटून घेतला जातो, आणि त्यांतल्या एकाने प्राण सोडला की प्रवाह खंडित होऊन उरलेले सर्व निर्दोष दिवेही काळोखात बसतात. निजामी कचेरीत एक अहलकार रजेवर गेला म्हणजे चांगल्या धडधाकट मिसली साऱ्या टेबलांवर जशा थिजून राहत, तसलाच हा कारभार. नव्या एलईडी माळांत तुकडे पाडलेले असतात, त्यामुळे हल्ली सगळी माळ जात नाही, मधलीच हातभर जाते. पण ती नेमकी दर्शनी भागातली असते. आमची जुन्या पद्धतीची निघाली. फिटरसाहेब टेस्टर घेऊन प्रत्येक दिव्याची जबानी घेऊ लागले. आमच्या एका बाजूस, जयपूर नावाच्याच इथल्या गावी, सिंगरेणी या कोळसा कंपनीचे १२०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. गोदावरीपलीकडे रामगुंडमला २६०० मेगावॉटचे आहे. आमच्या पायाखालचा कोळसा जाळून अर्धा मुलूख उजळतो. अशा त्या प्रकाशाच्या माहेरघरी आम्ही पाच प्रौढ पुरुष एका वाटाण्याएवढ्या दिव्यापुढे उकिडवे बसून त्याची समजूत घालीत होतो.

अखेर दोषी दिवा सापडला, बदलला, आणि माळ एकदम पेटली. इतकी एकदम, की घरातला एम.सी.बी. खाली पडला आणि दूरदर्शनसंचावरची मालिका ऐन सासू बोलू लागण्याच्या क्षणी बंद पडली. त्याची किंमत मला स्वतंत्रपणे मोजावी लागली. पुन्हा लावल्यावर माळ टिकली. तिला लुकलुकण्याचे आठ प्रकार होते. त्यांतला सातवा प्रकार डोळ्यांस सुखद होता, परंतु खटका दाबता दाबता तो पुढे निघून जाई आणि परत येण्यास सर्व फेरा घ्यावा लागे. सरतेशेवटी तो आठव्यावर अडकला. आठव्या प्रकारात आमचे घर रुग्णवाहिकेचे कर्तव्य बजावताना दिसे.

इतके झाले तरी सायंकाळी फाटकाशी उभे राहून आपले घर परक्याच्या दृष्टीने पाहताना जो आनंद होतो तो झालाच, आणि तो लपवण्यासाठी मी गल्लीतून फिरून आलो. तेथे एक गोष्ट ध्यानी आली. ज्याला त्याला विचारावे, एवढी रोषणाई कोणासाठी? तर उत्तर एकच: "पिल्लल कोसम्, सारू." मुलांसाठी. गार्डसाहेबांची मुले सिकंदराबादेस. फिटरसाहेबांचा मुलगा दुबईस. कोपऱ्यावरच्या शिक्षिकाबाईंची कन्या अमेरिकेत. जी नातवंडे सणाला आली होती ती ओट्यावर बसून मोबाइलमध्ये दुसऱ्याच गावची रोषणाई पाहत होती. मुलांसाठी शिडीवर चढलेले सारे लोक साठीच्या पुढचे होते, आणि शेजारच्याची चांदणी आपल्याहून वीतभर मोठी तर नाही ना, हे पाहताना त्यांच्या मुद्रेवर आठ वर्षांच्या पोरास शोभेल अशी तळमळ होती. मला कोणी विचारले तेव्हा मीही "मुलांसाठी" असेच सांगितले.

नाताळच्या आदल्या दिवशी चर्चच्या युवक मंडळाची मुले आली. गल्लीतल्या सजावटीची स्पर्धा होती, आणि परीक्षक म्हणून त्यांस तटस्थ मनुष्य हवा होता. "तुम्ही दोन्हीकडचे," असे ते म्हणाले. मी होकार दिला, आणि येथून माझ्या रक्तातला पेशकार जागा झाला. मी ताव काढले, रकाने आखले, गुणांची वाटणी केली: कल्पकता, नेटकेपणा, एकंदर परिणाम. रात्री कानटोपी घालून, टॉर्च घेऊन प्रत्येक घरासमोर उभा राहिलो. प्रत्येक घरी केक झाला, अरिसेलु झाले. गार्डसाहेबांनी केकचा दुसरा तुकडा देत विचारले, "वाघाचे गुण निराळे आहेत का?" मी म्हणालो, परीक्षकास बोलता येत नाही. ते म्हणाले, "बरोबर आहे, नियम तो नियम," आणि तिसरा तुकडा दिला नाही.

निकाल मी कोणाचीही भीड न धरता लिहिला. माझ्या मते प्रथम क्रमांक निर्विवाद होता. गल्लीच्या तोंडाशी एका घराच्या दर्शनी भिंतीवर तांबड्या-हिरव्या माळांची अशी सहज, निराडंबर मांडणी होती, की तीत मला एक प्रकारचा जुनेपणाचा, मुरलेपणाचा गुण दिसला. तसे मी अहवालात सविस्तर नमूद केले, 'प्रयत्नाचा लवलेश न दिसणे हेच खऱ्या कलेचे लक्षण होय' असा शेराही मारला, आणि २५ तारखेच्या सायंकाळी तो सर्वांसमक्ष वाचून दाखवला. टाळ्या पडल्या नाहीत. लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग मागून त्या घराचे मालक, म्हणजे आमचे किराणा दुकानदार कोमटी शेटजी, कपाळावरच्या गंधासकट उठून संकोचाने पुढे आले.

"सारू," ते म्हणाले, "ते तर विनायक चवितीचं आहे. काढायला माणूस मिळाला नाही."

निकाल जाहीर झालेला होता; तो फिरवण्याचा अधिकार परीक्षकास नसतो, असे मी सुनावले. शेटजींनी बक्षीस घेतले. ती स्टीलची कळशी होती, आणि माझ्या कानी असे आले की ती त्यांच्याच दुकानातून खरेदी झालेली होती. ख्रिसमस तात नाचले. फिटरसाहेब घरी जाईपर्यंत हसत होते. गार्डसाहेब मात्र घड्याळ पाहत बराच वेळ गप्प उभे राहिले, आणि मग माझ्याजवळ येऊन अतिशय गंभीरपणे म्हणाले, "सारू, पुढच्या वर्षी मी पण सप्टेंबरातच लावतो."